ललाटास्थी हातात घेताना

प्लास्टिकच्या कवटीवर कपाळाचं हाड, म्हणजे ललाटास्थी किंवा फ्रंटल बोन, नीट शिकता येत नाही. खुणा सगळ्या असतात, रंगही दिलेले असतात. विद्यार्थी नावं पाठ करतो आणि व्हायव्हाला (तोंडी परीक्षेत) घडाघडा बोलतो. पण त्या मॉडेलमध्ये हाडाची खरी जाडी नसते, आणि फ्रंटल बोनच्या बाबतीत जाडी हीच मुख्य गोष्ट आहे. कपाळावर मार बसला तर नेमकं काय फुटेल, सायनसमधला (हाडातल्या हवेच्या पोकळीतला) पू कुठल्या बाजूला वाट काढेल, डिसेक्शन हॉलमध्ये करवत कुठे संथ चालेल आणि कुठे अचानक आत घुसेल, या सगळ्यांचं उत्तर हे हाड कुठे किती जाड आहे यात असतं. म्हणून ॲनाटॉमी विभागात आम्ही अजूनही खरी कवटी सुटी करतो आणि त्यातली ललाटास्थी विद्यार्थ्याच्या हातात देतो. ती प्रक्रिया इथे क्रमाने लिहीत आहोत.

खरी हाडं आता सहज मिळत नाहीत, आणि मिळू नयेतच. महाराष्ट्रात महाविद्यालयांना मृतदेह मिळतात ते १९४९च्या शरीरशास्त्र अधिनियमाखाली आणि देहदानातून. एकेकाळी भारतातून मानवी सांगाडे परदेशी जात. १९८५मध्ये केंद्र सरकारने ती निर्यात बंद केली. विभागातलं प्रत्येक हाड कुणाचं तरी आहे आणि त्याला रजिस्टरमध्ये नंबर आहे, हे पहिल्या दिवशीच सांगावं लागतं. एक कवटी सुटी करताना चुकली तर ती परत येत नाही, त्यामुळे घाई अजिबात करायची नसते.

सुरुवात कवटी निवडण्यापासून होते. शिवणी, म्हणजे सूचर्स, मोकळ्या असलेली तरुण कवटी हवी. बाहेरून कोरोनल सूचर (कपाळाच्या हाडामागची आडवी शिवण) स्पष्ट दिसते म्हणून फसू नये. शिवणी आतल्या बाजूने आधी जुळायला लागतात, बाहेरून नंतर. म्हणून फोरामेन मॅग्नम या कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकातून टॉर्चचा उजेड टाकून आतली रेष पाहायची. आत रेष पुसट झाली असेल तर ती कवटी या कामाची नाही. दाब दिला की ती शिवणीवर न सुटता शेजारच्या चांगल्या हाडातून तडकते. वय झालेल्या कवट्या तशाच ठेवाव्यात, त्यांचा स्कल कॅप (कवटीची वरची टोपी) म्हणून उत्तम उपयोग होतो.

निवडलेली कवटी आधी एक रात्र साध्या पाण्यात ठेवतो. कोरडं हाड ठिसूळ असतं, ओलं झालं की त्याला किंचित लवचीकपणा येतो. खालचा जबडा बाजूला काढून ठेवायचा, हलणारे दात काढून नंबर टाकलेल्या पुडीत बांधायचे. पुढे कवटीत कोरडे दाणे भरायचे असतात, ते पाण्यात फुगले की शिवणी आतून उघडतात; त्याआधी भोकं बुजवायची. सुपिरिअर ऑर्बिटल फिशर, ऑप्टिक कॅनाल, फोरामेन ओव्हेल, जुग्युलर फोरामेन, फोरामेन लॅसेरम यांत ओल्या कापसाचे बोळे बसवतो, नाहीतर दाणे तिथून निसटतात आणि हवा तो दाब तयार होत नाही. याच वेळी दोन्ही डोळ्यांच्या खोबण्या ओल्या कापसाने गच्च भरायच्या. हे बरेच जण विसरतात. खोबणीचं छप्पर फ्रंटल बोनच्याच पातळ पत्र्याचं असतं. वरून फुगणाऱ्या दाण्यांचा दाब येतो आणि खालून आधार नसेल तर छपराला हमखास भोक पडतं. अशी भोकं पडलेली ललाटास्थी कितीतरी विभागांच्या कपाटात सापडेल.

दाणे म्हणून कोरडे हरभरे किंवा वाटाणे वापरायचे. मोठ्या माणसाच्या कवटीची पोकळी साधारण १३०० ते १५०० मिली असते, त्यामुळे किलोभर हरभरे आत जातात. फोरामेन मॅग्नममधून थोडे थोडे टाकायचे, कवटी हाताने थोपटत राहायचं, म्हणजे पुढच्या फ्रंटल भागातही दाणे पोचतात. पुढे पोकळी राहिली तर मागचं ऑक्सिपिटल हाड आधी सुटतं आणि कोरोनल सूचर तशीच घट्ट राहते. तोंड लाकडी बुचाने किंवा कापडाच्या घट्ट गुंडाळीने बंद करायचं, संपूर्ण कवटी मलमलच्या कापडात सैल बांधायची आणि पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवायची. पाणी साधंच घ्यावं. गरम पाण्याने काम लवकर होतं खरं, पण दाणे एकाच बाजूने झपाट्याने फुगतात आणि हाड तडकण्याचा धोका वाढतो.

भिजलेला हरभरा कोरड्याच्या साधारण दुप्पट होतो. काही तासांतच शिवणी उघडू लागतात, बारीक कटकट आवाज येतो. पाणी बदलत राहावं, नाहीतर आंबूस वास सुटतो आणि हाडावर डाग पडतात. शिवणींमध्ये नख जाईल इतकी फट झाली की दाणे काढून टाकायचे. पूर्ण सुटेपर्यंत आत ठेवू नये, शेवटचं काम हातानेच करावं.

आता कोरोनल सूचर सोडवताना या हाडाची पहिली खरी ओळख होते. फ्रंटल बोनचा मागचा काठ सरळ कापलेला नाही. मध्यरेषेच्या जवळ, वरच्या भागात, तो आतल्या बाजूने तासलेला आहे, म्हणजे तिथे फ्रंटल हे पॅरायटलच्या (त्याच्या मागच्या, डोक्याच्या वरच्या हाडाच्या) वर टेकतं. दोन्ही बाजूंना खाली आल्यावर तोच काठ बाहेरच्या बाजूने तासलेला आहे, आणि तिथे पॅरायटल फ्रंटलच्या वर चढतं. या उलटसुलट बैठकीमुळे कपाळ मागे ढकललं गेलं तरी सरकत नाही आणि बाजूने दाब आला तरी सुटत नाही. म्हणून हाड नुसतं पुढे ओढून निघत नाही. आधी वरचा भाग अलगद उचलून मोकळा करायचा, मग दोन्ही बाजू आळीपाळीने हलवत सोडवायच्या. प्लास्टिकच्या मॉडेलवर हा काठ चुंबकाने चिकटवलेला सपाट असतो, त्यामुळे कपाळ घट्ट कशामुळे बसलंय हे कळतच नाही.

पॅरायटल सुटल्यावर फ्रंटल अजून चेहऱ्याला आणि स्फेनॉइडला धरून असतं. एकूण १२ हाडांशी त्याचा सांधा आहे: दोन पॅरायटल, दोन झायगोमॅटिक (गालाची), दोन मॅक्सिला (वरच्या जबड्याची), दोन नेझल (नाकाची), दोन लॅक्रिमल (खोबणीच्या आतल्या बाजूची), एक स्फेनॉइड (कवटीच्या तळाचं) आणि एक एथमॉइड (नाकाच्या छपराचं). आम्ही आधी दोन्ही फ्रंटोझायगोमॅटिक सांधे सोडवतो, कारण ते भक्कम असतात आणि धरायला जागा मिळते. त्यानंतर नाकाच्या मुळाशी, जिथे फ्रंटलचा नेझल भाग नेझल हाडं आणि मॅक्सिलाच्या फ्रंटल प्रोसेसवर बसतो, तिथे हळूहळू मागेपुढे हलवायचं. इथे नेझल स्पाइन हा टोकदार काटा नेझल हाडांच्या मागे खाली उतरलेला असतो. हाड तिरकं ओढलं की तो मोडतो, आणि मोडलेला काटा परत चिकटवून कधीही नीट बसत नाही.

सगळ्यात कठीण भाग एथमॉइडचा. दोन ऑर्बिटल प्लेट्सच्या, म्हणजे खोबण्यांच्या छपरांच्या, मध्ये एथमॉइडल नॉच नावाची खाच असते, तिच्यात एथमॉइडची चाळणीसारखी क्रिब्रिफॉर्म प्लेट बसते. खाचेच्या दोन्ही कडांवर अर्ध्या अर्ध्या वाटीसारखे कप्पे दिसतात. त्यांचा उरलेला अर्धा भाग एथमॉइडवर असतो. दोन्ही मिळून एथमॉइडल एअर सेल (हवेचा कप्पा) पूर्ण होते. इथल्या भिंती इतक्या नाजूक असतात की दोन्ही हाडं अखंड मिळणं दुर्मीळच. दोन्हींपैकी एक वाचवायचं झालं तर आम्ही फ्रंटल वाचवतो आणि एथमॉइडचे तुकडे वेगळ्या डबीत ठेवतो. मागच्या बाजूला ऑर्बिटल प्लेटचा काठ स्फेनॉइडच्या लेसर विंगला टेकलेला असतो, तो शेवटी सुटतो. तरुण माणसातही स्फेनॉइड आणि ऑक्सिपिटल एकमेकांना जोडलेलेच बाहेर येतात, कारण त्यांच्यातला कूर्चेचा सांधा तारुण्यातच हाडात बदलतो. तिथे जोर लावायला जाऊ नये.

स्वच्छ करण्यासाठी मऊ ब्रश आणि पाणी पुरतं. उजळवायचं असेल तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. घरगुती ब्लीच वापरू नये; ते हाडातलं कोलॅजन खातं आणि वर्षभरात हाड खडूसारखं भुगा व्हायला लागतं. सावलीत वाळवायचं, उन्हात ठेवलं तर पातळ भागाला चिरा जातात.

वाळलेलं हाड हातात आलं की पहिला प्रश्न: धरायचं कसं? फुगीर स्क्वॅमा (कपाळाचा उभा भाग) पुढे, दोन्ही ऑर्बिटल प्लेट्स खाली आणि आडव्या, नेझल भाग खाली पुढे. हे एकच हाड आहे, जोडीचं नाही, त्यामुळे उजवं-डावं ओळखायचा प्रश्न नाही. पण वरचं-खालचं चुकतं. ऑर्बिटल प्लेटची खालची बाजू गुळगुळीत आणि खोलगट, ती खोबणीचं छप्पर. वरची बाजू उंचवट्याची आणि खडबडीत, तिच्यावर मेंदूच्या वळ्या टेकतात आणि त्यांचे ठसे उमटलेले असतात. बोट फिरवलं की फरक लगेच कळतो. डोळ्यांनी ओळखण्यापेक्षा बोटाने ओळखा, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो.

मग हाड टॉर्चसमोर धरा. स्क्वॅमातून उजेड येत नाही. तिथे दोन घट्ट पत्रे आणि मध्ये स्पंजासारखं डिप्लोइ असा तिहेरी थर आहे आणि जाडी साधारण ५ ते ८ मि.मी. भरते. ऑर्बिटल प्लेट मात्र पापडासारखी उजेड आरपार सोडते, मध्यभागी ती १ मि.मी.हूनही पातळ असते. या एका निरीक्षणातून पुढचं निम्मं शास्त्र निघतं. समोरून कपाळावर बसलेला फटका चेहऱ्याच्या बाकी हाडांपेक्षा फ्रंटल जास्त सहन करतं. पण वरच्या पापणीतून आत गेलेली पेन्सिल किंवा काडी, बाहेर जखम नखाएवढी असली तरी, छप्पर फोडून मेंदूच्या पुढच्या भागापर्यंत, फ्रंटल लोबपर्यंत, पोचू शकते. लहान मुलाच्या पापणीवरच्या अशा टोचलेल्या जखमेला नुसती पट्टी करून घरी पाठवू नये ते यासाठीच.

बाहेरचा पृष्ठभाग. भुवईखालच्या काठाच्या मध्यापासून साधारण ३ सें.मी. वर दोन्ही बाजूंना गोलसर उंचवटे लागतात, ते फ्रंटल ट्यूबर. काठाच्या लगेच वर, आतल्या अर्ध्या भागात, सुपरसिलिअरी आर्च. दोन आर्चच्या मधली सपाट जागा ग्लॅबेला. तिच्या खाली नाकाच्या मुळाशी जिथे नेझल हाडांचा सांधा येतो तो नेझिऑन. आर्चच्या आतल्या टोकापासून कॉरुगेटर सुपरसिली निघतो, कपाळावर उभ्या आठ्या पाडणारा स्नायू. पुरुषाच्या हाडात ग्लॅबेला आणि आर्च ठळक, भुवईचा काठ बोथट, कपाळ मागे झुकलेलं. स्त्रीच्या हाडात काठ धारदार, कपाळ उभं आणि गोलसर, ट्यूबर जास्त स्पष्ट. काठावरून अंगठा फिरवून पाहा, बोथट की धारदार ते कळतं. मात्र एकट्या फ्रंटलवरून लिंग ठामपणे सांगू नये. न्यायवैद्यकात कवटीच्या इतर खुणा आणि शक्यतो पेल्व्हिस (कमरेची हाडं) पाहिल्याशिवाय मत देत नाहीत.

भुवईचा काठ आतून बाहेर मोजा. आतला एक तृतीयांश आणि बाहेरचे दोन तृतीयांश जिथे मिळतात, मध्यरेषेपासून सुमारे २.५ सें.मी.वर, तिथे सुप्राऑर्बिटल नॉच असते. काहींत ती पूर्ण बंद होऊन भोक होते, आणि एकाच हाडात एका बाजूला खाच तर दुसऱ्या बाजूला भोक असं अगदी नेहमी दिसतं. तिथून सुप्राऑर्बिटल नर्व्ह आणि रक्तवाहिन्या वर कपाळावर जातात. ही नर्व्ह ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेच्या ऑफ्थॅल्मिक शाखेची. कपाळावरची जखम शिवताना याच जागी भूल देतात. स्वतःच्या भुवईखाली बोट दाबून पाहा, खाच असेल तर हाताला लागते आणि जोरात दाबलं की कपाळात कळ जाते. खाचेच्या तळाशी एखादं बारीक छिद्र दिसेल, ती डिप्लोइमधल्या फ्रंटल शिरेची बाहेर पडण्याची वाट. हे छिद्र पुढे सायनसच्या आजारात महत्त्वाचं ठरतं.

बाहेरच्या टोकाला झायगोमॅटिक प्रोसेस. काठाचा हा सगळ्यात भक्कम भाग. त्याच्यावरून टेम्पोरल लाइन वर मागे निघते आणि दोन रेषांत फुटते. तिच्या मागचा भाग टेम्पोरल फॉसात (कानशिलाच्या खळगीत) जातो आणि तिथे टेम्पोरॅलिस या चावण्याच्या स्नायूचा उगम आहे. न्यूरोसर्जरीत या प्रोसेसच्या मागे, फ्रंटोझायगोमॅटिक सूचरपासून साधारण १ सें.मी.वर, मॅककार्टी कीहोल नावाचं भोक पाडतात. ते नेमकं पडलं तर वरच्या अर्ध्यात फ्रंटल लोबवरचा ड्युरा (मेंदूचं बाहेरचं आवरण) दिसतो, खालच्या अर्ध्यात डोळ्याभोवतीचं आवरण, आणि दोघांच्या मध्ये ऑर्बिटल प्लेटचा पातळ काठ. एक पत्रा, वर मेंदू आणि खाली डोळा, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

एक गोष्ट हाडावर नसते, पण हाड पाहतानाच सांगायला हवी. कपाळाचा फ्रंटॅलिस स्नायू या हाडाला चिकटलेला नसतो. तो वर एपिक्रॅनिअल ॲपोन्यूरोसिसला (डोक्यावरच्या चिवट पडद्याला) आणि खाली भुवईच्या त्वचेत मिसळतो. डोक्यावर मार बसून स्कॅल्पच्या (कवटीवरच्या आवरणाच्या) चौथ्या, सैल थरात रक्त साचलं तर मागे ऑक्सिपिटॅलिस स्नायू हाडाला धरून असल्यामुळे ते मानेकडे उतरत नाही, पुढे मात्र अडवायला काही नसतं. ते वरच्या पापण्यांत उतरतं आणि डोळा काळा होतो. डोळ्याला मार नसतानाही काळा डोळा दिसतो तो असा. ऑर्बिटल प्लेट फुटून झालेला काळेपणा वेगळा: तो अनेकदा उशिरा, काही तासांनी दिसतो, आणि खोबणीच्या कडेशी थबकतो. सोबत नाकातून पातळ पाणी येत असेल तर ते मेंदूभोवतीचं पाणी, सेरेब्रोस्पायनल फ्लुइड, असू शकतं; अशा रुग्णाला नाक शिंकरू देऊ नये आणि नाकातून नळी घालू नये.

खालून पाहा. ऑर्बिटल पृष्ठभागावर बाहेरच्या पुढच्या कोपऱ्यात उथळ लॅक्रिमल फॉसा, अश्रुग्रंथीची जागा. आतल्या पुढच्या कोपऱ्यात, काठापासून ४-५ मि.मी. मागे, ट्रॉक्लिअर फोव्हिआ. बरेच विद्यार्थी ही खूण सोडून देतात कारण ती खळगी नखाएवढीसुद्धा नसते, कधी तिच्याऐवजी छोटा काटा असतो. डोळा फिरवणाऱ्या सुपिरिअर ऑब्लिक स्नायूची कप्पी तिथे बसते. सायनसच्या शस्त्रक्रियेत इथलं आवरण निष्काळजीपणे सोडवलं तर रुग्णाला एकाचे दोन दिसू लागतात. एथमॉइडल नॉचच्या कडेला आडव्या दोन पन्हळी दिसतील. सुट्या हाडावर त्या अर्ध्याच असतात, एथमॉइड जोडलं की त्यांचे अँटिरिअर आणि पोस्टिरिअर एथमॉइडल कॅनाल होतात. स्पॉटरला (नमुने ओळखण्याच्या परीक्षेत) 'हे भोक कुठलं' असं विचारलं जातं तेव्हा अर्धी पन्हळ ओळखता आली पाहिजे.

नेझल स्पाइनच्या दोन्ही बाजूंना, नॉचच्या पुढे, फ्रंटल सायनसची तोंडं. सळई घालण्याचा मोह होतो, घालू नये. मागची भिंत पातळ असते. सायनस पाहायचा तर एक खराब झालेलं हाड मध्यरेषेपासून अर्धा सें.मी. बाजूला बारीक करवतीने उभं कापून ठेवावं. ठोकळमानाने उंची ३.२, रुंदी २.६ आणि खोली १.८ सें.मी., पण माणसागणिक फरक प्रचंड. दोन सायनसमधला पडदा क्वचितच बरोबर मध्यभागी असतो, एखाद्यात एक बाजू उगवलेलीच नसते. भुवईची कमान मोठी म्हणजे आतली पोकळी मोठी, असंही समजू नये. जन्मतः सायनस नगण्य असतो, सहा-आठ वर्षांच्या सुमारास एक्स-रेवर दिसू लागतो आणि पूर्ण वाढ वयात आल्यानंतर होते. त्याची कडा दोन माणसांत सारखी नसते, म्हणून अनोळखी मृतदेहाचा जुना एक्स-रे मिळाला तर ओळख पटवायला ती उपयोगी पडते.

सायनसचा निचरा खाली, मिडल मिएटस या नाकातल्या वाटेत होतो. रात्री झोपल्यावर तो अडतो, सकाळी उठल्यावर डोकं दुखायला लागतं, दुपारपर्यंत वाढतं आणि उभ्या स्थितीत निचरा झाला की ओसरतं. ऑफिसच्या वेळेत दुखणारं डोकं असं त्याचं वर्णन करतात. पुढची भिंत जाड, मागची पातळ. शिवाय डिप्लोइमधल्या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे पू भिंत न फोडताही शिरांवाटे आत ड्युरापर्यंत जाऊ शकतो. तोच पुढे गेला तर कपाळावर मऊ, दाबल्यावर खळगा पडणारी सूज येते. अठराव्या शतकातले लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांच्या नावाने ती ओळखली जाते. किशोरवयीन मुलाच्या कपाळावर अशी सूज दिसली तर ती गळू समजून चिरा देणं धोक्याचं. आधी सीटी स्कॅन.

आतला पृष्ठभाग. मध्यरेषेत वरून खाली येणारी पन्हळ सुपिरिअर सॅजिटल सायनस या मोठ्या शिरेची. खाली तिचे दोन्ही काठ मिळून फ्रंटल क्रेस्ट होते, तिला फॅल्क्स सेरेब्री (मेंदूच्या दोन अर्ध्यांमधला पडदा) चिकटतं. क्रेस्टच्या खालच्या टोकाला फोरामेन सीकम हे छोटं भोक, जे बहुतेकांत बंदच असतं. पन्हळीच्या बाजूला छोटे खड्डे दिसतील, ते अरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशन्सचे (मेंदूच्या आवरणाच्या बारीक गाठींचे); वयाबरोबर ते वाढतात आणि खोल होतात. एखाद्या वयस्क स्त्रीच्या हाडात आतला पत्रा गाठीगाठींनी जाड झालेला दिसतो, मध्यरेषा मात्र मोकळी असते. ते हायपरऑस्टोसिस फ्रंटॅलिस इंटर्ना. त्याला ट्यूमर म्हणू नये.

ऑर्बिटल प्लेटच्या वरच्या खडबडीत बाजूवर पुन्हा बोट फिरवा. माणूस मागे पडून डोक्याची मागची बाजू आपटली तर इजा पुष्कळदा पुढे, फ्रंटल लोबच्या खालच्या पृष्ठभागावर आणि टोकाला सापडते. मेंदू या खडबडीत जमिनीवर घासला जातो. दुचाकीवरून मागे फेकल्या गेलेल्या माणसाच्या सीटी स्कॅनमध्ये कपाळामागे रक्त दिसलं की निवासी डॉक्टर गोंधळतात, कारण कपाळावर ओरखडाही नसतो. ज्याने हे हाड हातात घेतलेलं असतं त्याला तो स्कॅन समजावून सांगावा लागत नाही.

या हाडाची वाढ समजण्यासाठी अर्भकाची कवटी शेजारी ठेवावी. फ्रंटल पडद्यातून बनतं, कूर्चेतून नाही. गर्भाच्या आठव्या आठवड्याच्या सुमारास दोन केंद्रं दिसतात, पुढे जिथे फ्रंटल ट्यूबर येणार तिथेच. जन्माच्या वेळी हाडाचे दोन अर्धे असतात आणि मध्ये मेटॉपिक सूचर. जुनी पुस्तकं ही शिवण दुसऱ्या वर्षी जुळू लागते आणि आठव्या वर्षापर्यंत पुरी होते असं सांगतात. सीटी स्कॅनवरच्या अभ्यासांत मात्र ती तिसऱ्या महिन्यापासून जुळायला लागते आणि नवव्या महिन्याच्या आसपास पूर्ण जुळलेली दिसते. परीक्षेत पुस्तकाचं उत्तर लिहावं लागलं तरी बाळ तपासताना दुसरं लक्षात ठेवावं. फार आधी जुळली तर कपाळ त्रिकोणी होतं, त्याला ट्रायगोनोसेफॅली म्हणतात. काहींत ती आयुष्यभर उघडी राहते, आणि डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या एक्स-रेवर ती फ्रॅक्चर समजली जाते. शिवण मध्यरेषेत, नागमोडी आणि दोन्ही कडा दाट असतात. फ्रॅक्चरची रेष सरळ, धारदार असते आणि मध्यरेषा पाळत नाही.

दोन फ्रंटल अर्धे आणि दोन पॅरायटल यांच्या मधली चौकोनी जागा म्हणजे बाळाची टाळू. ती साधारण दीड ते दोन वर्षांत भरते. आजी तेल लावताना जिथे बोटाला धडधड लागते तीच ही जागा. जुलाबांनी पाणी कमी झालं की ती खोल जाते, मेंदूभोवतीचा दाब वाढला की फुगते. बाळाला मांडीवर उभं बसवून, ते रडत नसताना पाहावी. रडताना ती फुगतेच.

सुटं हाड शिकून झाल्यावर डिसेक्शन हॉलमध्ये स्कल कॅप काढतो, कारण डिप्लोइ ओलं असताना कसं असतं ते तिथेच कळतं. स्कॅल्प खाली उतरवून पेरिक्रॅनिअम (हाडावरचा पातळ पडदा) खरवडायचं, टेम्पोरॅलिस सोडवायचा. डोक्याभोवती दोरा बांधायचा: पुढे भुवईच्या हाडाच्या काठापासून १ सें.मी. वर, मागे एक्स्टर्नल ऑक्सिपिटल प्रोट्युबरन्सच्या (डोक्यामागच्या उंचवट्याच्या) १ सें.मी. वर. दोऱ्याच्या रेषेवर करवत. फक्त बाहेरचा पत्रा कापायचा. भुकटी ओलसर लालसर आली की डिप्लोइ लागलं, तिथे थांबायचं. आतला पत्रा छिन्नीच्या छोट्या, नेमक्या ठोक्यांनी तोडायचा, म्हणजे ड्युरा कापला जात नाही. बाजूला, टेम्पोरल भागात डिप्लोइ जवळजवळ नसतं. कपाळावर चालवलेल्या जोराने तिथे करवत चालवली तर ती थेट मेंदूत जाते. पुढे मध्यरेषेत उलट होतं: फ्रंटल क्रेस्टमुळे हाड जाड, छिन्नी दोनदा चालवावी लागते. रेष खाली घसरली तर फ्रंटल सायनस उघडतो. फार वर गेली तर मेंदू बाहेर काढताना फ्रंटल लोबची टोकं अडकतात आणि फाटतात.

कॅप उचलताना ड्युरा शिवणींच्या जागी चिकटलेला असतो, वयस्क देहात अधिकच. ओढू नये, बोथट हत्याराने आतून सोडवत जावं. फॅल्क्स पुढे क्रिस्टा गॅली या एथमॉइडच्या उंचवट्यापासून कापेपर्यंत मेंदू सुटत नाही.

सुटी ललाटास्थी डब्यात ठेवताना स्क्वॅमा खाली, ऑर्बिटल प्लेट्स वर, नेझल स्पाइनला कशाचाही स्पर्श नाही, खाली कापसाची चुंबळ. नंबर स्क्वॅमाच्या आतल्या बाजूला, काठापासून दूर पेन्सिलीने लिहावा. आणि विद्यार्थ्याला हाड देताना ते स्क्वॅमाखाली तळहात ठेवून घ्यायला सांगावं. बहुतेक जण खोबणीत अंगठा घालून उचलतात, आणि छपराला भोकं पडण्याचं दुसरं मोठं कारण तेच आहे.